रविवारी शंभूला कुणी खाऊ घातलं?

१

सोमवारी सकाळी महादेवाच्या देवळापुढे पुढील गोष्टी होत्या : जवारीच्या अकरा भाकरी, हिरव्या चाऱ्याच्या चार पेंढ्या, गुळाचे दोन खडे, काठोकाठ भरलेलं दगडी टाकं आणि हात जोडून उभी असलेली तेवीस माणसं. श्रावणी सोमवार असल्यामुळे माणसं नेहमीपेक्षा जास्त होती. हे सगळं ज्याच्यासाठी होतं तो शंभू मात्र नव्हता.

शंभू म्हणजे महादेवाला सोडलेला वळू. रंग पांढरा, वशिंड डाव्या बाजूला कललेलं, उजव्या मांडीवर त्रिशूळाचा डाग. गावाने त्याच्यासाठी तीन नियम केले होते. त्याला मारायचं नाही, हाकलायचं नाही, दावं लावायचं नाही. दावं लावलं तर पाऊस पाठ फिरवतो, अशी समजूत होती. तो कुणाच्याही वावरात शिरे आणि पोटभर खाई. मालकाने त्याच्या पाया पडायचं. मनातल्या मनात काय म्हणायचं, याला नियम नव्हता.

१९८२ साली मी वर्ध्याहून प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले होते. ठिकठिकाणी अर्ज पाठवून रोहण्याजवळच्या या गावी काकांकडे उत्तरांची वाट पाहत होते. काका, म्हणजे बाबाराव, गावाचे पोलीस पाटील. गावात गुन्हे फारसे होत नसत, त्यामुळे काकांचा बराचसा वेळ पान लावण्यात जाई.

"बाबाराव, शंभू काल दुपारपासून दिसला नाई," अण्णाजी म्हणाले. अण्णाजी देवळाचे मुख्य पंच. देवळात त्यांचा आवाज घंटेच्याही वर ऐकू येई.

"येईन ना वो. कोनाच्या तरी मुगात अशीन," काका म्हणाले.

"आठ दिवस झाले, थो देवळापासून लांब गेला नाई. आजच कसा गेला? काईतरी इपरीत हाय."

इतक्यात वावरांकडे जाणाऱ्या पांदणीकडून कुणीतरी ओरडलं. आम्ही सगळे धावलो. गावाला लागून पहिलं वावर चंद्रभानकाकांचं. त्याच्या पलीकडच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एवढी जागा गवत झोपवल्यासारखी सपाट झाली होती की तिच्यात एक बैलबंडी उभी राहिली असती. मधोमध जाड दोर पडला होता. शेजारच्या दगडावर वाळलेलं रक्त होतं.

चंद्रभानकाका त्यांच्या कपाशीतून शांतपणे चालत आले. हातात विळा होता.

"हा दोर कोनाचा?" अण्णाजींनी विचारलं.

"माहा."

"शंभूले दावं लावलं तू?"

काकांनी डोळ्यांनी खूण केली, जपून बोल म्हणून. चंद्रभानकाकांनी ती पाहिली, पण उपयोग केला नाही.

"हाव," ते म्हणाले. "लावलं."

२

चंद्रभानकाका महानुभाव पंथाचे. गावात त्यांचं एकच घर तसं. ते पंचकृष्णांनाच मानत. दुसऱ्या देवाला हात जोडत नसत, दुसऱ्या देवाचा प्रसाद घेत नसत आणि मुंगीवरसुद्धा पाय पडू देत नसत. सगळं गाव शंभूच्या पाया पडे, ते पडत नसत. एरवी त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. तक्रार अशा दिवसासाठी शिल्लक ठेवलेली असते.

"काऊन लावलं दावं?" काकांनी विचारलं.

"पायात काटा होता. बाभळीचा. उजव्या, पुढच्या. खुराच्या बेचक्यात पार आतमंदी गेलता. उभ्यानं काढू देईना. मंग काल सकाळी लंगडत धुऱ्यापर्यंत आला, तवा दोर टाकून पाडलं."

"एकट्यानं?"

"मी होती ना," मागून कोकिळाकाकू म्हणाल्या. त्या चंद्रभानकाकांच्या बायको. शरीराने लहान, जिभेने नाही. "मी मानेवर बसली. मले फेकून देते का काय अशी भीती वाटे. काटा काढला, पू काढला, हयद भरली. मंग सोडून देला."

"मंग शंभू कुठी हाय?"

"मले मालूम नाई," चंद्रभानकाका म्हणाले. "उठला, घडीभर उभा राह्यला. आम्ही घरी गेलो."

अण्णाजी हसले. ते हसणं चांगलं नव्हतं. "देवाच्या पायात काटा! रोज अख्खं गाव त्याच्या पाया पडून राह्यलं. आमाले नाई दिसला थो काटा, अन् याले दिसला. अरे, तू तं त्याले देवच मानत नाईस."

"मी त्याले देव मानत नाई," चंद्रभानकाका म्हणाले. "लंगडत होता, थे दिसलं."

"रोज पाया पडता ना अण्णाजी," कोकिळाकाकू म्हणाल्या, "मंग पाय कधी पाह्यले काय?"

दोघी-तिघी पदराआड हसल्या. अण्णाजींचा चेहरा लाल झाला. त्यांना आठवलं की मागच्या महिन्यात शंभूने चंद्रभानकाकांचा अर्धा मूग खाल्ला होता. तेव्हा चंद्रभानकाका दुकानाच्या पायरीवर म्हणाले होते, "याचा बंदोबस्त करा लागते." हे ऐकणारे सात-आठ जण हजर होते. त्यांतल्या दोघांना आता आणखी बरंच आठवू लागलं. कुणी म्हणालं, बाजारात नेऊन विकला असेल. कुणी म्हणालं, रक्त पाहता त्याहून वाईट.

"पुढं पाहून येऊ का? नाल्यापर्यंत?" काका म्हणाले.

"पुढं जाऊन काय फायदा?" अण्णाजी घाईने म्हणाले. "दोर इथी, रक्त इथी. आनखी काय पाह्यजे?"

"हाव, पुढं काई नाई," देवकाबाई म्हणाल्या. पुढचं वावर त्यांचंच.

"पुढे तो सिरफ जवारी है," हिरालालसेठ म्हणाले. त्यापुढचं वावर त्यांचं.

पंचांचा निर्णय तिथेच झाला. शंभू सापडेपर्यंत, आणि न सापडला तर पोळा होईपर्यंत, चंद्रभानच्या वावरात निंदायला कुणी बाई जाणार नाही. पोळ्याला दहा दिवस होते. तीन एकरांत त्यांची सगळी कपाशी होती आणि गवत तिच्या गुडघ्याला लागलं होतं. आणखी दहा दिवसांनी निंदायला कपाशीच उरली नसती. नवरा-बायको दोघांनी रात्रंदिवस निंदलं तरी एकराच्या वर सरकली नसती.

चंद्रभानकाका कपाशीत परत गेले. खाली बसले आणि एकटेच निंदू लागले.

मी पांदणीने परत निघाले. मान खाली होती, म्हणून ते दिसलं. शनिवारी रात्री पाऊस झाला होता, रविवारी उघाड. काळ्या मातीत शंभूच्या खुरांचे ठसे साच्यात ओतल्यासारखे उमटले होते. ते मी थोडं अंतर पाहत गेले आणि थांबले. ठसे तीनच पायांचे होते.

३

नीट पाहिल्यावर चौथाही सापडला. उजव्या पुढच्या खुराचं फक्त टोक मातीला लागलं होतं. डाव्या पुढच्या खुराचा ठसा मात्र दोन बोटं खोल होता. जनावर एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकत चाललं होतं. चंद्रभानकाका काट्याबद्दल खरं बोलले होते.

मी उलटी फिरले आणि सपाट झालेल्या गवताच्या पलीकडच्या बाजूला गेले. तिकडे कुणी गेलंच नव्हतं. अण्णाजींनी जाऊ दिलं नव्हतं. तिथेही शंभूचे ठसे होते. चारही पायांचे. चारही सारख्या खोलीचे.

म्हणजे काटा निघाल्यावर शंभू आपल्या पायांनी पुढे गेला होता. चंद्रभानकाका टायरच्या चपला घालतात. त्या चपलांचे ठसे धुऱ्यापासून घराकडे वळले होते. धुऱ्यापुढे एकही नव्हता.

पश्चिमेकडे आभाळ भरून येत होतं. मी घरी जाऊन पट्टी, पेन्सिल आणि बिस्किटांचा रिकामा डबा घेऊन आले आणि शंभूच्या मागे निघाले.

देवकाबाईंच्या वावरात शंभूने थेट मुगाकडे मोर्चा वळवला होता. तीन तास खाल्ल्यासारखा मूग साफ होता. मग एकाएकी ठसे मुगातून बाहेर पडून सरळ रेषेत पुढच्या धुऱ्याकडे गेले होते. पोट भरलेला वळू सरळ रेषेत चालत नाही. त्याच्या पुढे लहान, अनवाणी पावलं चालली होती. ती धुऱ्यापर्यंत जाऊन परत फिरली होती. धुऱ्यावर पळसाचं पान पडलं होतं, त्यावर भाकरीचा चुरा आणि मुंग्या.

पुढे हिरालालसेठची जवारी, डोक्याच्याही वर गेलेली. तिच्यात उभं राहिल्यावर शेजारच्या वावरातला माणूस दिसत नाही. शंभूने जवारीत एक खोलीएवढी जागा मोकळी केली होती. तिथून पुन्हा सरळ रेष, पुन्हा पुढच्या धुऱ्यापर्यंत. या वेळी पुढे चालणाऱ्याच्या पायांत प्लास्टिकचे बूट होते, तळाला चौकटी असलेले. तेही धुऱ्यावरून परत. धुऱ्यावर सरकीच्या ढेपेचा तुकडा.

मग अण्णाजींचं वावर. इथे शंभूला फारसं खायला मिळालेलं दिसलं नाही. बरबटीच्या, म्हणजे चवळीच्या, दोन वेली तोडल्या होत्या, लगेच सरळ रेष सुरू. पुढे टाचेला लोखंडी नाल ठोकलेले जोडे. ते नाल्यात उतरले होते, पलीकडच्या काठावर चढले होते आणि तिथून परत आले होते. नाला ही आमच्या गावाची शीव. पलीकडच्या काठावर नारळाची करवंटी पडली होती.

शंभूचे ठसे दुसऱ्या गावात शिरले होते.

मी पळसाचं पान, ढेपेचा तुकडा आणि करवंटी डब्यात ठेवली. ठशांची मापं घेऊन झाली आणि पहिला थेंब पट्टीवर पडला.

४

पाऊस जोरात येण्याआधी मला तीन घरं गाठायची होती.

देवकाबाई ओसरीवर डाळ निवडत होत्या. त्यांना नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. शंभूवर त्यांची सगळ्यांत जास्त माया. त्यांच्या हातची भाकर तो कशी खातो, हे त्या रोज निदान चार घरी सांगत.

"ये वं जयवंता. तुह्या लगनाचं पाहून राह्यली मी. पुलगावले एक मास्तर हाय."

"त्याले बेडूक कापता येते का विचारा, मंग सांगीन," मी म्हणाले. "मावशी, काल शंभू आलता का तुमच्या वावरात?"

डाळीतले खडे एकदम महत्त्वाचे झाले. "महादेवाची शप्पत, मी त्याले हात लावला नाई. हाकललं बी नाई."

"हाकललं का असं कुठी विचारलं मी?"

"पाऊस आला पाह्य. घरी जाय."

हिरालालसेठ दुकानात गल्ल्यावर होते. त्यांचे आजोबा राजस्थानातून आले, त्यांची भाषा अजून वाटेत होती.

"सेठजी, काल दुकान दुपारी बंद होतं म्हणे. देवकामावशी तेलाले आलती."

"हाँ, थोडा खेत में गेलतो. बेटी, शंभूची बात है तो सुन. आपण धरम का आदमी. मारणार नाही, बांधणार नाही, हकालणार तो बिलकुल नाही."

त्यांचे प्लास्टिकचे बूट दाराशी उलटे वाळत घातले होते. तळाला चौकटी होत्या. चौकटींत काळी माती.

अण्णाजी देवळातच होते. सोमवारी येणारे नारळ त्यांच्याकडे जमा होत. अर्धे ते प्रसादाला फोडत आणि अर्धे पुढच्या सोमवारपर्यंत टिकत.

"अण्णाजी, शंभू कधी शिवेपलीकडे गेलता का?"

"शंभू? कधीच नाई. अन् शंभूले हाकलनं म्हनजे महापाप. हाकलनाऱ्याचं कधी भलं होत नाई. मी तं म्हनतो..." पुढचं पावसात ऐकू आलं नाही.

रात्रभर पाऊस पडला. सकाळी माझ्या पाऊसमापकात, म्हणजे सरळ बाजूंच्या एका डब्यात, बत्तीस मिलिमीटर पाणी होतं. मी काकांना सगळं सांगितलं. ते पान चघळत शेवटपर्यंत ऐकत राहिले.

"चाल, ठसे दाखव."

"धुऊन गेले असतीन."

"मंग राह्यलं काय? पळसाचं पान, ढेप अन् करवंटी. जयू, हे तिन्ही आपल्याही घरी हाय. तुह्या शब्दावर पंचाच्या तोंडावर बोललो तं लोक म्हनतीन, पाटलाची पुतनी शिकून आली अन् देवमान्साले चोर ठरवाले लागली." त्यांनी पिंक टाकली. "त्याईले शप्पत घालू का?"

"शप्पत घेतीन थे. अन् खरी घेतीन," मी म्हणाले. "हाकललं नाई, मारलं नाई, बांधलं नाई. तिघंही खरं बोलून राह्यले."

"मंग?"

"सभा बोलवा. मी एकच प्रश्न विचारीन. थो असा, की ज्याचं उत्तर 'हाव' आलं तं पुण्य लागते."

५

मंगळवारी सकाळी देवळाच्या मंडपात सगळं गाव आलं. चंद्रभानकाका मंडपाबाहेर, पायरीच्या खाली उभे होते. ते एरवीही आत येत नसत. कोकिळाकाकू त्यांच्या शेजारी, हाताला कपाशीतल्या गवताचा हिरवा डाग.

सुरुवातीलाच अण्णाजींची पंचाईत झाली. दावं लावलं तर पाऊस जातो, असं ते बोलून गेले. मंडपाच्या पत्र्यावरून अजून पाणी ठिबकत होतं.

"अण्णाजी," काका म्हणाले, "कपाशीले अजून एक पानी पाह्यजे. चंद्रभानले सांगा, शंभू सापडला का पुन्हा बांधजो म्हना."

हसू ओसरल्यावर काकांनी मला उभं केलं.

"मले फक्त एवढंच विचारायचं हाय," मी म्हणाले. "रविवारी शंभूले कोनी कोनी खाऊ घातलं?"



मी वाट पाहिली. आमच्या गावात शंभूला कुणी मूठभर चारा घातला तरी दुपारपर्यंत ते सगळ्यांना माहीत होई. सांगितलं नाही तर पुण्य पोचत नाही, अशीच रीत होती. चुकूनसुद्धा कुणी हा प्रश्न विचारला असता तर एरवी वीस हात वर झाले असते.

"सकाळी देवळापाशी मी पेंढी टाकली," एक म्हातारी म्हणाली. आणखी तिघांनी सकाळचंच सांगितलं.

"थे झालं सकाळी, देवळापाशी. त्यानंतर?"

कुणी हात वर केला नाही.

"श्रावण महिना," मी म्हणाले. "रविवारचा अख्खा दिवस. शंभू गावच्या वावरांतून फिरला. अन् त्याले एकानंही भाकरीचा तुकडा देला नाई? मंग चंद्रभानकाकालेच काऊन पापी म्हनायचं?"

लोक एकमेकांकडे पाहू लागले. हे बरोबर होतं, आणि विचित्र होतं. मी कुणाकडे पाहत नव्हते. मी डबा उघडला आणि पळसाचं पान, ढेपेचा तुकडा आणि करवंटी एकेक करून पायरीवर मांडली. कुठल्या धुऱ्यावर काय सापडलं ते सांगितलं. कुणाचं नाव घेतलं नाही. आमच्या गावात धुऱ्यांना नावं लागत नाहीत.

"हे काई सिद्ध होत नाई," अण्णाजी म्हणाले. आवाज घंटेच्या खाली गेला होता. "करवंटी कोनाचीही..."

"माही भाकर व्हती थे," देवकाबाई म्हणाल्या.

त्या उठून उभ्या राहिल्या होत्या. पदर डोक्यावर ओढून घेतला होता, पण तोंड झाकलं नव्हतं.

"मी हाकललं नाई. शप्पत खोटी नाई माही. थो माह्या मुगात बसलता, माय. तेवढा एकच वाफा हाय माह्या घरी. मी म्हनलं, बाप्पा, इकडं या, भाकर खा. अन् भाकर घेऊन मागं मागं सरत गेली. धुऱ्यावर पान ठेवलं. त्याच्या पाया पडली अन् पयत घरी आली." त्या चंद्रभानकाकांकडे वळल्या. "धडधाकट चालत होता थो. काल तुह्या वावरात उभी राहून मी सांगाले पाह्यजे होतं, दादा. जीभच उचलली नाई."

"अगं पण माझ्याकडे तो सोताहून आला, असंच मला वाटलं!" हिरालालसेठ उभे राहिले. "मैं समझा भगवान खुद चलके आले. मी भी हकालला नाही. थोडी ढेप दाखवली. देवकाबाई, तूने मेरे पे ढकेला?"

"अन् तुमी कोनावर ढकललं, सेठजी?"

आता सगळ्यांनी पुढच्या वावराच्या मालकाकडे पाहिलं. अण्णाजींनी पायरीवरची करवंटी उचलली.

"नारळ आपल्या देवाचाच होता," ते म्हणाले. "त्यालेच देला."

"शिवेपल्याड नेऊन," काका म्हणाले.

काय झालं होतं ते मी सांगितलं. काट्यामुळे शंभू आठ दिवस देवळापाशी अडकून होता आणि गाव सुखात होतं. काटा निघाला, तसा तो चालायला लागला. देवाला हाकलता येत नाही, म्हणून पहिल्या धुऱ्यावर त्याला नैवेद्य दाखवून पुढे नेलं. दुसऱ्या धुऱ्यावर तेच. जवारी उंच, त्यामुळे आधी काय झालं ते कुणालाच दिसलं नाही. प्रत्येकाला वाटलं, आपण एकट्यानेच केलं. म्हणून काल प्रत्येक जण गप्प राहिला.

"तिघाईलेही मालूम होतं," कोकिळाकाकू म्हणाल्या, "का चंद्रभाननं काई केलं नाई."

हिरालालसेठ खाली बसले. मग पायरीखालून चंद्रभानकाका म्हणाले, "थे राहू द्या आता. त्याची हयद बदलाले पाह्यजे. कुठी हाय थो?"

६

नाल्यापलीकडच्या गावाचे सरपंच भैयाजी. आम्ही पोचलो तेव्हा शंभू त्यांच्या वांग्यांच्या वाफ्यात उभा होता. गळ्यात झेंडूचा हार होता, कपाळाला गुलाल.

"या या," भैयाजी म्हणाले. "तुमचा देव आमच्याकडे आला, आमचं भाग्य. रविवारी आरती केली. काल भजन केलं. आज सकाळी पाह्यलं तं दोन वाफे वांगे गेलते."

"मंग तुमी काय केलं?" काकांनी विचारलं.

"आम्ही? आम्ही हाकललं नाई, बाबाराव!"

त्यांचा उजवा हात पाठीमागे होता. त्यात भाकर होती. त्यांचं तोंड पुढच्या गावाकडे, रोहण्याच्या रस्त्याकडे होतं.

चंद्रभानकाका खाली वाकले. शंभूने त्यांना ओळखलं की नाही, हे मला सांगता येणार नाही. त्याने शेपटी हलवली, पण माशाही पुष्कळ होत्या. उजव्या पुढच्या खुराच्या बेचक्यात हळद वाळून बसली होती. खाली कोवळं, गुलाबी मांस भरून आलं होतं. अण्णाजी गुडघ्यांवर बसले. मी त्यांना शंभूच्या पाया पडताना अनेकदा पाहिलं होतं. पाय हातात धरून पाहताना त्या दिवशी पाहिलं.

"लय खोल होता गा हा," ते म्हणाले.

"हाव," चंद्रभानकाका म्हणाले.

शंभूला परत आणायला दावं लावायचं नव्हतंच. आधी अण्णाजी नारळ घेऊन नाला चढले, मग हिरालालसेठनी ढेप धरली, मग देवकाबाईंनी भाकर. आपापल्या वावरातून त्यांना त्याला न्यावं लागलं, आणि शंभूला घाई नव्हती. हिरालालसेठ सबंध रस्ता जवारीचा हिशोब हिंदीत करत होते. देवकाबाई मुगाजवळून जाताना डोळे मिटून चालल्या. बाजूने निम्मं गाव हसत चाललं होतं.

त्या संध्याकाळी पंचांनी दोन गोष्टी ठरवल्या. शंभूचा चारा आता घरोघरच्या पाळीने देवळापाशी पोचवायचा, म्हणजे त्याला वावरांत फिरावं लागणार नाही. आणि औषधासाठी दावं लावलं तर ते दावं मानायचं नाही. दुसऱ्या गोष्टीला कुणी हरकत घेतली नाही. पहिलीवर तासभर भांडण झालं, कारण पहिली पाळी कुणाला नको होती. ती अण्णाजींना मिळाली.

चंद्रभानकाकांवरची बंदी उठली, हे अण्णाजींना स्वतः त्यांच्या दारात जाऊन सांगावं लागलं. कोकिळाकाकूंनी त्यांना चहा दिला. चहाबरोबर काय बोलल्या, ते मला ऐकू आलं नाही. अण्णाजींनी चहा उभ्यानेच संपवला.

बुधवारी सकाळी चंद्रभानकाकांच्या वावरात निंदायला एकतीस बायका आल्या. त्यांत देवकाबाई होत्या, अण्णाजींच्या घरच्या दोघी होत्या, आणि सेठाणी होत्या, ज्यांनी आयुष्यात पहिल्यांदा विळा हातात धरला होता. सूर्य मावळल्यावर मी धुऱ्यापासून मोजत गेले. तीन एकरांपैकी पावणेतीन एकर निंदून झालं होतं.